पाण्यातली गाय

मेगाबित १६, मंगळवार

यंत्र आलं एकदाचं. कोरोनाच्या वेळी नाकात काड्या घालून जे करायचे तेच हे, आता आमच्या बिशोफ्तू गावातलं गोमांस तपासणार. मांसातून एक जंतू येतो. गायीच्या पोटात तो गुण्यागोविंदाने राहतो, माणसाच्या पोटात गेला की विष सोडतो आणि मूत्रपिंडं खातो. पूर्वी त्याला वाढवून ओळखायला आठवडा जायचा, आता त्याच्या विषाचं जनुकच शोधायचं, एका दिवसात निकाल. आमच्या लोकांना मांस कच्चंच गोड लागतं, तेव्हा यंत्राला काम कमी पडायचं नाही.

पडद्यावर दोन रेघा चढतात. पहिली गायीची, म्हणजे नळीत खरंच गोमांस आहे याची खात्री. दुसरी विषाची. आणि दरवेळी एका नळीत नुसतं पाणी लावायचं, तिथे काही म्हणजे काही चढता कामा नये. हे सगळं मी आमचे संचालक डॉ. आस्रात यांना तीनदा समजावलं. ते म्हणाले, "हिरूत, मी तीस वर्षं सूक्ष्मदर्शकातून बघतोय. डोळ्यांना दिसत नाही त्यावर विश्वास ठेवायला मला एक देव पुरेसा आहे."

फासिकाआधीचा, म्हणजे आमच्या ईस्टरआधीचा, मोठा उपवास चालू आहे. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, दुपार टळेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. डॉ. आस्रात चर्चच्या उपवास समितीचे अध्यक्ष. त्यांचा उपवास त्यांच्या आधी खोलीत शिरतो. मी मात्र आज बसस्टँडमागच्या टपरीवर दुधाची कॉफी प्यायले. देवा, तुझ्याशिवाय कुणी बघितलं नाही, तेव्हा आपल्या दोघांतच राहू दे.

मेगाबित १८, गुरुवार

पहिला नमुना नूरेदिनच्या दुकानातला. उपवासात ख्रिस्ती खाटिकांची दुकानं बंद असतात, माझा नवराही खाटीक, त्याचंही बंद आहे, म्हणून उघडी असतात ती मुसलमानांची. आम्ही त्यांच्या हातचं कापलेलं खात नाही, ते आमच्या हातचं खात नाहीत. भांडण काही नाही. ताटं वेगळी, कॉफी एकत्र.

नूरेदिनच्या मांसात विषाची रेघ सरळ चढली. मी खुर्चीतून उठलेच. मग पाण्याची नळी बघितली आणि पुन्हा बसले. पाण्यातही गाय, आणि पाण्यातही विष!

"पाण्यात गाय कशी असेल?" डॉ. आस्रात म्हणाले. "पाणी ते पाणी. तू मांसाचं सांग. विष आहे ना?"

"साहेब, पाणीच खराब असेल तर मांसाचं काहीच सांगता येत नाही."

ते हसले आणि फोन उचलला. यंत्राचं पहिलं फळ नगरपालिकेला कळवायची त्यांना भलती घाई.

मेगाबित १९, शुक्रवार

नूरेदिनच्या दुकानाला सील. ईद परवावर आली आहे. वर्षभरात त्याचा धंदा होतो तो त्या एका दिवशी.

मी आणि माझी सहकारी आयनालेम दिवसभर बाकच पुसत बसलो. नमुन्यातला बोटाएवढा एक तुकडा मी मागे ठेवला होता, तो बर्फपेटीत आहे. पाणी स्वच्छ झाल्याशिवाय तो लावायचा नाही. तोही फुकट गेला तर नूरेदिनच्या बाजूने बोलणारं जगात काही उरणार नाही.

मेगाबित २४, बुधवार

ब्लीचने लादी धुतली, बाक धुतले, पिपेट धुतले, आयनालेमने तर दाराच्या कड्यासुद्धा धुतल्या. पाण्याची नवी बाटली उघडली. आम्ही नळ्यांत घालायचं मिश्रण बनवतो ती वेगळी खोली आहे, तिला आम्ही स्वच्छ खोली म्हणतो. मांसाचा नमुना तिथे कधीही जात नाही. हवा ओढणारा मोठा पंखा आहे, खिडकी नाही, दोनच किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, एक डॉ. आस्रातांकडे. ते रोज दुपारी तिथे दार लावून अर्धा तास प्रार्थनेला बसतात. पंख्याच्या घरघरीत म्हणे मन एकाग्र होतं. बाहेर येतात तेव्हा चेहऱ्यावर काय समाधान असतं! मला तर हेवा वाटतो.

आज तिथे बनवलेल्या मिश्रणात पुन्हा गाय.

"सैतान असेल," आयनालेम म्हणाली.

"सैतानाला शेपूट असतं, पण आचळं नसतात," मी म्हटलं. हसलो आणि मग दोघींना रडू आलं.

घरी मात्र देव पावलाय. माझा नवरा तेफेरा, ज्याला एरवी चर्चला ढकलत न्यावं लागतं, तो यंदा रोज पहाटे अंधारात गाबीची जाड शाल गुंडाळून प्रार्थनेला जातो. परत येतो तो आंघोळ करून, आणि लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच स्वतःचे कपडे स्वतः धुतो. उपवास माणसाला किती बदलतो! गल्लीतली मांजरंसुद्धा त्याच्या मागोमाग दारापर्यंत येतात. मुक्या जिवांना भक्ती लवकर कळते म्हणतात.

मेगाबित २६, शुक्रवार

डॉ. आस्रात काल सकाळीच बैठकीला राजधानीला, अदिसला गेले. आज नवी बाटली उघडून नुसत्या पाण्याच्या आठ नळ्या लावल्या. आठही सपाट! मी आणि आयनालेम यंत्राभोवती नाचलो. ब्लीच चार धुण्यांनी कामाला आलं असणार. सोमवारी नूरेदिनचा तुकडा लावते.

मेगाबित २९, सोमवार

तुकडा लावायच्या आधी, माझ्या नशिबाने, पुन्हा नुसतं पाणी लावून बघायची बुद्धी झाली. गाय परत आली. डॉ. आस्रातही परत आले. दारातच म्हणाले, "तेफेरा कसा आहे? त्याला देव सुखी ठेवो. फार परोपकारी माणूस." साहेबांनी माझ्या नवऱ्याची चौकशी आजवर कधी केली नव्हती. उपवासाने लोक खरंच मऊ होतात.

स्वच्छ खोलीतल्या बाकावर एक लाल डाग होता. आयनालेमला वाटलं रंग सांडला. मी वास घेतला तर मिरचीचा भास झाला. माझ्या रिकाम्या पोटाला हल्ली सगळीकडेच मिरची दिसते.

मियाझ्या २, गुरुवार

नूरेदिन हल्ली रोज येऊन आमच्या अंगणात लिंबाखाली बसतो. आज कॉफी घेऊन गेले.

"पोरी, एक सांग. मी लोक मारतोय का?"

"माहीत नाही, गाशे." आमच्याकडे वडीलधाऱ्याला गाशे म्हणतात.

"तुझ्या यंत्रालाही माहीत नाही?"

"यंत्र सध्या पाण्यालाही गाय म्हणतंय."

त्याने कप खाली ठेवला. "मग त्या पाण्याला का नाही सील लावत? माझ्या दाराशी आता पोरं नाक धरून पळतात. आत मांस नाही, माशी नाही, तरी पळतात. माझ्या बापाने बावीस वर्षं त्या दारात उभं राहून मांस विकलं, त्याच्याकडे बघून कुणी नाक धरलं नाही."

साहेबांवर चीड आली आणि त्याहून जास्त स्वतःवर. त्या दिवशी फोन त्यांच्या हातातून हिसकावून घ्यायला हवा होता.

तेफेराला घरी हे सांगितलं. तो सुऱ्यांना धार लावत होता, गंज चढू नये म्हणून लावतो. हात थांबवून म्हणाला, "नूरेदिन चांगला माणूस आहे." एवढंच. मग बराच वेळ धार लावत बसला.

मियाझ्या ५, होसाना, रविवार

होसाना म्हणजे फासिकाआधीचा रविवार. ताडाच्या पानांची अंगठी बोटात घालून सगळे चर्चच्या अंगणात उभे असताना डॉ. आस्रात पोट धरून खाली बसले आणि तिथेच आडवे झाले. जुलाबात रक्त, लघवी बंद. उचलून दवाखान्यात नेलं. अंगणभर एकच बोलणं, "उपवास केला तर असा करावा! देह झिजवला माणसाने." दोन म्हाताऱ्यांनी तर ते पडले तिथली माती कपाळाला लावली.

मियाझ्या ६, सोमवार

दवाखान्यात गेले. साहेब पिवळे पडले होते, पाय सुजलेले. उशाशी त्यांची बायको वॉर्डभर ऐकू जाईल असं सांगत होती की पन्नास दिवस डाळीशिवाय काही पोटात नाही. साहेबांनी तिला औषध आणायला पाठवलं आणि मला खुणेने जवळ बोलावलं.

"हिरूत, ती पाण्यातली गाय..."

"बोलू नका साहेब, आराम करा. सापडेल ती."

"ती मी आहे."

मला वाटलं ताप डोक्यात गेला.

"रक्त कमी झालंय माझं. डॉक्टर म्हणाला मांस खा. धर्मगुरूला विचारलं असतं तर त्यांनी सूटही दिली असती. पण मी अध्यक्ष! अध्यक्षाने सूट मागायची? मग दुपारी त्या खोलीत... तिथे कोणी येत नाही. पंखा वास ओढून घेतो. आणि बाक काय स्वच्छ असतो, हिरूत!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. हसू येत होतं आणि त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघून हसताही येत नव्हतं. कच्चंच खाल्लं होतं, मिरचीत बुडवून, आणि त्याच बोटांनी कुतूहलाने माझ्या बाटल्यांची बुचं उघडून बघितली होती.

"नूरेदिनकडचं?"

त्या अवस्थेतही ते कोपरावर उठले. "काय बोलतेस! पापी असेन, पण धर्म सोडलेला नाही. ख्रिस्ती हातचंच खाल्लं."

"कुणाच्या हातचं?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "तू चांगली बाई आहेस. घरी जा." साहेबांनी मला चांगली म्हटलं, हे पहिल्यांदाच. जाताना वॉर्डातल्या डॉक्टरला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं सांगितलंत, आम्ही उपवासावर उपचार करत होतो.

मियाझ्या ७, मंगळवार

म्हणजे गावात कुणीतरी ख्रिस्ती खाटीक उपवासात मागच्या दाराने मांस विकतोय, आणि ते विषारी निघालंय. तेफेराला विचारलं, "तुमच्यापैकी कोण असेल रे एवढा निर्लज्ज?" त्याच्या हातून कॉफीचा कप पडला. धर्माची अशी थट्टा झालेली त्याला सोसत नाही. आज पहाटे चर्चलाही गेला नाही, पोट बिघडलंय म्हणाला. उपवासाने अशक्त झालाय बिचारा.

मी मात्र ठरवलं. स्वच्छ खोली पुन्हा धुतली, तिथली प्रत्येक बाटली फेकून दिली. आता सगळ्या बंद दुकानांतल्या मांस तोडायच्या ओंडक्यांवरून कापसाचे बोळे फिरवून आणायचे. ज्याचा ओंडका उपवासात कोरडा राहिला नाही तो चोर. पण तुलनेला एक नक्की कोरडा ओंडका हवा. तो घरचाच घेतला. तेफेराच्या दुकानाची किल्ली खिळ्यावर असते, त्याला झोपेतून कशाला उठवा.

मियाझ्या ८, बुधवार

पाणी सपाट. आठच्या आठ नळ्या सपाट.

नूरेदिनचा शेवटचा तुकडा: गाय आहे, विष नाही. आयनालेमने मला मिठी मारली.

तेफेराचा ओंडका: गाय आहे. विष आहे.

मी नळ्या पुन्हा भरल्या. नवं पाणी, नवे हातमोजे. आयनालेम शेजारी उभी राहिली. पुन्हा तेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी जंतूचं जनुक शोधते, आणि नऊ वर्षांत स्वतःचे कपडे न धुतलेला माणूस का धुवायला लागला हे मला कळलं नाही. मांजरांना कळलं.

संध्याकाळी. तो दारातच बसला होता, जणू वाटच बघत होता.

"पहिले आले ते तुझेच साहेब," तो म्हणाला. "रडत होते. मग त्यांनी आणखी कुणाला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. नाही म्हटलं असतं तर नूरेदिनकडे गेले असते. मी त्यांना दुसऱ्या पापातून वाचवलं, हिरूत."

"बैल कुठे कापायचास?"

"दुकानामागे. कत्तलखान्यात गेलो असतो तर बोभाटा झाला असता."

जमिनीवर, अंधारात, एकट्याने. कातडं सोलताना शेण कुठे लागलं हे कुणाला दिसणार?

"मी स्वतः एक घास खाल्लेला नाही," तो म्हणाला. "देवाशपथ. पूर्ण उपवास केलाय."

"खाल्ला असतास तर बरं झालं असतं. भूक मला समजली असती."

तो उठून जवळ आला. मग हळूच म्हणाला, "फासिका रविवारी आहे. अख्ख्या गल्लीने वर्गणी काढून माझ्याकडे बैल बांधलेत. निकालाचा कागद सोमवारी दे. तुझ्या पाया पडतो."

"नूरेदिनची ईद गेली."

"ती मी घालवली नाही. ती तुझ्या यंत्राने घालवली."

हे खरं होतं. म्हणूनच मला जास्त लागलं. आत गेले आणि दार आपटलं.

मियाझ्या ९, गुरुवार

दोन्ही निकाल नगरपालिकेत दिले. आमच्यात आडनावं नसतात, तेव्हा मी कुणाची बायको हे तिथल्या कारकुनाला कळलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. पण इन्स्पेक्टरला कळलं. "घरातच निघालं होय?" म्हणाला आणि लगेच कामाला लागला. नूरेदिनच्या दाराच्या सीलची तार कापली आणि ती फुकट कशाला घालवायची म्हणून गाठ मारून तेफेराच्या दाराला लावली. गल्लीतले लोक आपापले बैल सोडून दुसऱ्या खाटिकाकडे नेत होते. तेफेरा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बघत होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले, तर तो दोन पावलं सरकला.

घरी विचारलं, मांस कुणाकुणाला विकलंस? साहेबांची मूत्रपिंडं बंद पडली आहेत, बाकीच्यांचीही पडतील. तो म्हणाला, "शब्द दिलाय, नावं सांगणार नाही." मी म्हटलं, "जंतूने शब्द दिलेला नाही." तो जेवला नाही. तसं उपवासात जेवायला होतंच काय.

मियाझ्या १०, सिक्लेत, शुक्रवार

क्रुसाचा शुक्रवार, म्हणून सकाळपासून सगळा गाव चर्चच्या अंगणात साष्टांग घालत होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. दुपार कलल्यावर ओळी लागतात. धर्मगुरूच्या कानात पाप सांगायचं, ते जैतुनाच्या डहाळीने पाठीवर मारतात आणि आणखी किती साष्टांग घालायचे ते सांगतात. तेफेराची पाळी आली. त्याने तोंड धर्मगुरूच्या कानाकडे नेलं, मग मागे घेतलं आणि वळला.

"माझ्याकडून मागच्या दाराने ज्यांनी मांस नेलं त्यांनी आत्ता दवाखान्यात जा," तो खाटिकाच्या आवाजात म्हणाला, बाजारात हाक जाते तसा. "ते विषारी होतं. तपासलंय. नूरेदिनचं चांगलं होतं, वाईट माझं होतं. मी कुणाचं नाव घेणार नाही. पण जा."

अंगणातून कुणी उठलं नाही. उठेल तो सापडेल, हे प्रत्येकाला कळलेलं. साहेबांची बायको माझ्या दोन ओळी पुढे होती, तिने शाल डोळ्यांवर ओढली.

मग पुरुषांच्या बाजूने एक बारीक आवाज आला. "एका ओळखीच्या माणसासाठी विचारतो. रस्सा करून खाल्लं असेल तर?"

"चांगलं उकळलं असेल तर भीती नाही!" मी इकडून ओरडले. चर्चमध्ये मी इतक्या मोठ्याने आजवर आमेनसुद्धा म्हटलेलं नाही.

"आणि नुसतं गरम केलं असेल तर?"

"तर उठा!"

तो उठला. गायकवृंदाचा प्रमुख होता. मग मिरवणुकीत चर्चची छत्री धरणारा उठला. मग आणखी तीन-चार, एकमेकांकडे न बघता, आणि मग एकमेकांकडे बघून चकित होत. लोक हसायला लागले. तेवढ्यात बायकांमधून एक पोरसवदा आई उठली, कडेवरचं मूल मान टाकून झोपलेलं. "दोन दिवस जुलाब होतायत याला," ती कुणाकडे न बघता म्हणाली. हसणं थांबलं. तेफेरा धावत आला, मूल तिच्या हातातून घेतलं आणि फाटकाकडे पळत सुटला. साष्टांग किती घालायचे हे सांगायचं राहिलं म्हणून धर्मगुरू डहाळी हातात घेऊन तसेच उभे होते.

मियाझ्या १२, फासिका, रविवार

मूल वाचलं. साहेबांना अदिसला रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर ठेवलंय, त्यांची लघवी काल सुरू झाली. त्यांच्या बायकोने मला फोनवर हे सांगितलं आणि लगेच फोन ठेवून दिला.

फासिकाला आमचं घर दरवर्षी फुटायचं बाकी असतं. खाटिकाचं घर, सगळ्यात चांगला तुकडा इथेच मिळणार. यंदा सकाळपासून कुणी फिरकलं नाही. मी कोंबडीचा रस्सा पहाटेपासून इतका शिजवला की हाडं सुटून वर आली. तेफेरा भिंतीला टेकून बसला होता. त्याने ताटाकडे बघितलंही नाही.

दुपारी दार वाजलं. नूरेदिन, बरोबर त्याची बायको, हातात पाव. "फासिका मुबारक," तो म्हणाला, त्यांच्या-आमच्या शब्दांची खिचडी करून.

मी घाबरले. आमच्या हातची कोंबडी तो खाणार नाही, आणि सणाच्या घरात दुसरं काही नाही. मग चुलीवर घाईने शिरो टाकलं, चण्याच्या पिठाचं कालवण, पंचावन्न दिवस खाऊन आम्हाला ज्याचा वीट आलाय ते. एका इंजेरावर, आमच्या मोठ्या आंबट घावनावर, ओतून नूरेदिनपुढे ठेवलं. तेफेरा उठला. मला वाटलं बाहेर जातोय. तो नूरेदिनसमोर येऊन बसला, कोंबडीचं ताट बाजूला सारलं आणि शिरोच्या ताटाला हात लावला.

बराच वेळ दोघं खात राहिले. मग तेफेराने एक मोठा घास केला, नीट गुंडाळला आणि नूरेदिनच्या तोंडापुढे धरला. आमच्याकडे असा घास मायेच्या माणसाला भरवतात, आणि तो कुणी नाकारत नाही. "तुझी ईद..." तेफेरा म्हणाला.

नूरेदिनने घासाकडे बघितलं, हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हात धुतलेस का?"

तेफेरा उठला. मोरीवर गेला. साबण लावून कोपरापर्यंत धुतले, मग नखं धुतली, मग पुन्हा साबण लावला. एवढं पाणी ओततोय म्हणून मी एरवी ओरडले असते. तो परत येऊन बसला आणि नवा घास केला. नूरेदिन तोंड उघडून वाट बघत होता.